म्यूटवरचा वृंद

साशंक : तालमीत संचालकाचं मुख्य काम हात हलवणं नसतं, ऐकणं असतं. चाळीस जण गात असताना मागच्या ओळीतला एक आवाज किंचित उतरलाय, कुणीतरी ‘ए’ जरा जास्तच पसरट करतंय, टेनर मंडळींनी श्वास मात्राभर आधी तोडलाय, हे सगळं एकाच वेळी ज्याच्या कानात शिरतं त्याला आपण संचालक म्हणतो. आता तुझी ऑनलाइन तालीम बघ. तू सगळ्यांना म्यूट व्हायला सांगतोस, स्वतः कीबोर्डवर स्वर धरून गातोस आणि पडद्यावरच्या चौकटींत चाळीस तोंडं हलताना बघतोस. ती काय गातायत हे तुला कळत नाही, त्यांना एकमेकांचं कळत नाही. ज्याचं काम ऐकणं त्यालाच काही ऐकू येत नसेल, तर त्या दीड तासाला तालीम का म्हणायचं?

उत्साही : ताई, आक्षेप खरा आहे, मी तो टाळणार नाही. पण हे सगळं कशातून आलं ते आधी लक्षात घ्या. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन गावी स्कॅजिट व्हॅली कोराल या वृंदाची नेहमीची तालीम झाली. अडीच तासांची, ६१ जणांची. त्यांपैकी ५३ जण कोविडचे निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले, दोघं दगावले. त्यानंतर जगभरच्या वृंदांपुढे ‘ऑनलाइन की प्रत्यक्ष’ असा प्रश्न उरलाच नव्हता. ऑनलाइन, नाहीतर काहीच नाही. ब्रिटनमध्ये जेम्स सिल्स यांनी ‘सोफा सिंगर्स’ सुरू केलं, गॅरेथ मलोन यांनी घरोघरी अडकलेल्या गायकांना एकत्र बांधलं. अमेरिकेत व्हर्जिनियातले गायक डेव्हिड न्यूमन यांनी माणसांना आपापल्या गाड्यांत बसवलं, प्रत्येकाच्या हाती बिनतारी मायक्रोफोन दिला आणि मिक्सरमधून एकत्र झालेला आवाज गाड्यांमधल्या एफएम रेडिओवर ऐकवला. साथ ओसरली, सगळे सभागृहात परतले, मीही परतलो. तरी आठवड्यातली एक तालीम मी ऑनलाइनच ठेवली आहे, आणि आता ती नाइलाजाने ठेवलेली नाही.

साशंक : गाड्यांचं उदाहरण तूच दिलंस ते बरं झालं. ते का जमलं? तिथे आवाज रेडिओच्या लहरींवरून जात होता, इंटरनेटवरून नव्हे. पोचायला वेळच लागत नव्हता, म्हणून ती माणसं खरोखर एकमेकांना ऐकत गात होती. सगळा प्रश्न त्या वेळेचा आहे. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. माझा वृंद रंगमंचावर अर्धवर्तुळात उभा राहिला, तर एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला पंचवीस-तीस मिलिसेकंद लागतात, आणि माणसाचा कान जेमतेम तेवढंच सांभाळून घेतो. त्यापुढे लय ओढली जायला लागते. मी तुझी वाट बघते, तू माझी बघतोस, आणि गाणं मंदावत जातं. व्हिडिओ कॉलवर ही दिरंगाई शंभर-दोनशे मिलिसेकंद असते, नेट खराब असलं तर त्याहून जास्त. शिवाय ती दर घरी वेगळी, आणि एकाच घरी दर मिनिटाला बदलणारी. दोघांनी मिळून वाढदिवसाचं गाणं म्हणून बघावं, तेवढ्यात कळतं.

उत्साही : यावर काम झालेलं आहे, आणि साथीच्या कितीतरी आधीपासून. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस चेफ यांनी दोन माणसांना वेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा ताल धरायला लावला आणि मधली दिरंगाई कमीजास्त करत नेली. साधारण अकरा मिलिसेकंदांच्या आसपास लय स्थिर राहिली. त्याहून जास्त झाली की ती मंदावली, तुम्ही म्हणता तशी. पण गंमत पुढे आहे. दिरंगाई त्याहून कमी केली तर लय चढायला लागली. म्हणजे समोरासमोर, जवळजवळ उभे असलेले लोकही लयीत धावतातच! थोडं अंतर माणसाला मानवतं. त्याच संस्थेतून जॅकट्रिप हे सॉफ्टवेअर आलं. जर्मनीत फोल्कर फिशर यांनी जॅम्युलस केलं. दोन्ही मोफत. एका शहरातली, चांगलं फायबर कनेक्शन असलेली दहा-बारा माणसं त्यावर खरोखर एकत्र गाऊ शकतात.

साशंक : कोणती दहा-बारा माणसं? ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे, वेगळं साउंड कार्ड आहे, राउटरपासून खोलीपर्यंत वायर ओढलेली आहे आणि कानाला वायरचा हेडफोन आहे. कारण बहुतेक ब्लूटूथ हेडफोन एकटेच तुझी सगळी कमाई खाऊन टाकतात. आपल्या वृंदातल्या निवृत्त शिक्षिका फोन उशाला टेकवून तालमीला बसतात. त्यांना तू बफर साइज समजावणार? आणि शहराबाहेर गेलास की सॉफ्टवेअरही हात टेकतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-पुणे त्याला काहीच नाही. पण मुंबई ते लंडन सरळ रेषेत सात हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे एका दिशेने निदान पस्तीस मिलिसेकंद, तेही वाटेत एकही यंत्र आडवं आलं नाही असं धरून. लंडनच्या मराठी मंडळातल्या तुझ्या मैत्रिणीबरोबर तू एका वेळी कधीच गाऊ शकणार नाहीस. उद्या नेट कितीही सुधारलं तरी नाही.

उत्साही : मान्य. आणि म्हणूनच एका वेळी गाण्याचा नाद मी सोडून दिला आहे. दिरंगाईशी भांडण्यापेक्षा तिला तालात बसवता येतं का, असंही काहींनी बघितलं. २००५च्या सुमाराला निंजॅम नावाची एक पद्धत आली. तिने दिरंगाई कमी करायचं सोडून मुद्दाम वाढवली, थेट एका पूर्ण आवर्तनाएवढी. म्हणजे मी चालू आवर्तन वाजवताना तुमचं मागचं आवर्तन ऐकत असतो, आणि तुम्ही माझं. सम दोघांचीही सांभाळली जाते. आपल्या भजनात एक ओळ म्हणतो आणि बाकीचे झेलतात. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा आलटून पालटून चरण उचलतात. ज्या संगीतात उत्तर देण्याला जागा आहे ते अंतर पचवतं. पाश्चात्त्य क्वायरच्या मापाने सगळं मोजलं तर ऑनलाइन तालीम लंगडी ठरणारच.

साशंक : दिंडीतली दुसरी रांग चरण उचलते तेव्हा पहिलीचा शेवटचा स्वर अजून हवेत असतो. त्या शेवटावर पाय ठेवूनच ती पुढे जाते, मध्ये पखवाज दोघींना धरून असतो. तुझ्या पद्धतीत मी ज्याला उत्तर देते तो माणूस केव्हाच पुढे गेलेला असतो. लय राहील, मी नाकारत नाही. पण समोरच्याने आत्ता, या क्षणी आवाज चढवला म्हणून मीही चढवला, हे होणार नाही. आणि आपण तर सोप्रानो, अल्टो, टेनर, बेस अशा चार पट्ट्यांत गातो. दर दोन मात्रांना स्वरमेळ बदलतो. मागच्या आवर्तनातला अल्टो या आवर्तनातल्या सोप्रानोखाली ठेवलास तर काय ऐकू येईल, तूच सांग.

अजून एक सांगते. तू ज्यावर तालीम घेतोस ते झूम अॅप मुळात बोलण्यासाठी बनवलेलं आहे. एकसारखा, लांबलेला आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर, असं त्याच्या डोक्यात भरवलेलं आहे. म्हणून तू तानपुरा लावलास की दोन-चार सेकंदांत तो गुडूप होतो. समोरच्याला फक्त तुझा गळा ऐकू येतो, खाली काहीच नसलेला. लांब आकार धरलास की मध्येच तुटतो. हळूहळू आवाज वाढवत नेलास तर यंत्र तो आपोआप सपाट करतं, आणि ज्या चढत्या ओळीवर आपण महिनाभर मेहनत घेतली ती पलीकडे इस्त्री केल्यासारखी पोचते.

उत्साही : तेवढं दुरुस्त करता येतं. झूममध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची वेगळी सोय आहे. ती चालू केली की आवाज गाळणं थांबतं आणि तानपुरा टिकतो. फोनवर बसलेल्यांनाही मी ते एकेकाला फोन करून लावून दिलं. पण तुमचा पहिला प्रश्न, ऐकण्याचा, त्याने सुटत नाही. तिथे मी काय करतो ते सांगतो. ऑनलाइन तालमीत मी ऐकत नाही, शिकवतो. ओळ म्हणून दाखवतो, शब्दांचे उच्चार पक्के करून घेतो, स्वरलिपी पडद्यावर ठेवून श्वासाच्या खुणा सगळ्यांसमोर करतो. मग अल्टो वेगळ्या खोलीत, टेनर वेगळ्या खोलीत, प्रत्येक पट्टीचा एक जाणकार सोबत. आणि तालमीनंतर प्रत्येकाने आपली पट्टी कानात ऐकत स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवायचा. मी एकेक ऐकतो.

आता मी तुम्हाला उलट विचारतो. सभागृहात तुम्ही चाळीस जणांना ऐकता, पण एकेकाला कधी ऐकलंत? आमच्याकडे वर्षानुवर्षं बेसच्या ओळीत उभे राहणारे एक काका आहेत. त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग आलं तेव्हा कळलं, ते कित्येक जागी मुख्य चालच एक सप्तक खाली गात होते. शेजारचा भरदार आवाज त्यांना झाकत होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. त्यांना कुणासमोर टोकावं लागलं नाही. मी त्यांच्या ओळीचं वेगळं रेकॉर्डिंग पाठवलं, त्यांनी ते घरी बसून घटवलं, आणि आता ते आपली पट्टी गातात. संचालक जास्त ऐकतो कुठे?

साशंक : हा मुद्दा मला लागतो, नाही म्हणत नाही. सभागृहात आवाजांचा एक गोळा येतो आणि तो गोड लागला की आपण पुढे जातो. कच्चा गडी झाकला जातो. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू बघ. काका शेजारच्याला धरून गात होते, हा त्यांचा दोष तू धरतोस. मला ती वृंदाची रीत वाटते. नवा माणूस आधी धरून गातो, मग धरता धरता स्वतःचा होतो. आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे बसून तानपुरा छेडत साथ करतो, तेव्हा काय करतो?

आणि तुझी ती पट्ट्यांची रेकॉर्डिंग. ती तू कीबोर्डवरून करतोस. कीबोर्डचा गंधार, दोन स्वरांमधल्या अर्ध्या पायरीचे शंभर भाग केले तर शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ चौदा भाग चढा असतो. तानपुरा नीट जुळला की तारांमधून जो गंधार आपोआप बोलायला लागतो, त्याच्याशी हार्मोनियमचा गंधार ताडून बघ, आपल्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. बिनसाथीचा वृंद एकत्र गाताना स्वरमेळातला गंधार नकळत खाली घेतो, कारण खालचा षड्ज आणि पंचम कानावर असतात आणि स्वर आपणहून तिथे बसू पाहतो. ते बसणं हा वृंदगानाचा सगळ्यात मोठा आनंद आहे. मला तरी त्याच्यासाठीच गावंसं वाटतं. तुझी माणसं घरी तीन आठवडे कीबोर्डचा गंधार घटवतात. मग सभागृहात येऊन तोच ठणकावून गातात. पाठ झालेलं चुकीचं पुसणं किती जड जातं, तुला माहीत आहे.

उत्साही : हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. रेकॉर्डिंग गळ्याने करायला हवीत, खाली तानपुरा ठेवून. ते करता येईल. तरी शेजारच्या माणसाने गंधार किंचित हलवला म्हणून माझा हलला, असं रेकॉर्डिंगबरोबर होणार नाही. रेकॉर्डिंग माझं काहीच ऐकत नाही.

साशंक : नेमकं तेच. म्हणूनच मला त्या प्रचंड व्हर्च्युअल क्वायरचं कौतुक वाटतं, पण त्या वाटेने जावंसं वाटत नाही. एरिक व्हिटॅकर यांनी २०१०मध्ये १८५ गायकांपासून सुरुवात केली आणि २०२०च्या ‘सिंग जेंटली’त १२९ देशांतले १७,५७२ जण जोडले. त्या सतरा हजारांपैकी एकानेही गाताना दुसऱ्याला ऐकलं नाही. संगणकावर बसलेल्या लोकांनी ते आवाज जोडले. फळ सुंदर असेल. पण वृंद गातो तेव्हा एक गोष्ट शरीरात घडते. स्वीडनमध्ये योटेबोर्ग विद्यापीठात ब्योर्न विकहॉफ यांनी २०१३मध्ये दाखवून दिलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके बरोबरीने चढतात-उतरतात. हे घरोघरच्या चौकटींत कुठून येणार?

उत्साही : त्याच अभ्यासाचं कारण काय दिलं आहे ते बघा, ताई. ठोके जुळतात ते श्वास जुळतो म्हणून. आणि श्वास जुळतो कारण गाण्याची ओळ कुठे सुरू होते, कुठे संपते, हे सगळ्यांना एकच असतं. म्हणजे ठोके गाणं जुळवतं, खोली नव्हे. मी पुण्यात ओळ उचलली, नागपूरच्या ताईंनी माझ्याबरोबर म्यूटवर उचलली, आम्ही एकाच जागी श्वास घेतला, तर दोन छात्यांमध्ये तेच घडत असणार. फक्त ते तुम्हाला ऐकू येत नाही.

साशंक : युक्तिवाद चांगला आहे. पण सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेणं हे वृंदगानाचं अर्धंच झालं. लांब ओळीत आपण नेमकं उलटं करतो. श्वास आळीपाळीने घ्यायचा, शेजारी घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, म्हणजे ओळ कुठेच तुटत नाही. एका गळ्याला अशक्य असा दीड मिनिटांचा अखंड स्वर चाळीस गळे मिळून धरतात. त्यासाठी शेजाऱ्याचा श्वास कानाने कळावा लागतो. तिथे ठोके जुळत असतील की नाही कोण जाणे, पण माणसं एकमेकांना सांभाळतात. तू म्यूटवर हे शिकवू शकशील?

उत्साही : नाही. ते शिकवता येत नाही, मी प्रयत्नही करत नाही. त्यासाठी सभागृहच हवं. पण सभागृहात कोण येऊ शकतं, हेही बोलायला हवं. तुमची तालीम संध्याकाळी साडेसातला दादरला. विरारहून येणारी बाई साडेदहाच्या लोकलने परत जाते. ती लग्नानंतर दोन वर्षं येते, मूल झालं की थांबते. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे असतात. कुणाचा गुडघा जिना चढू देत नाही. ही माणसं वाईट गायची म्हणून गेली नाहीत. वृंदात कायम टिकतात ती संध्याकाळी मोकळी असलेली माणसं, आणि त्यांच्याच आवाजाला आपण ‘वृंदाचा आवाज’ म्हणत आलो. ऑनलाइन तालमीत मी पहिल्यांदा त्या बाकीच्यांना पाहिलं. मूल मांडीवर घेऊन एक जण अल्टो गात होती, म्यूटवर. तिला म्यूट हा तोटा नव्हता. म्यूट होता म्हणूनच ती गाऊ शकत होती.

साशंक : हे ऐकून मी गप्प होते, पण हार मानत नाही. ती गात होती, तिला बरं वाटत होतं, हे मला मोलाचं आहे. प्रश्न एवढाच की ती वृंदात गात होती की वृंदाच्या सोबतीने एकटी गात होती. तिलाच विचारून बघ. ती कदाचित म्हणेल की फरक पडत नाही. मला पडतो, कारण तिचा आवाज माझ्या गाण्यात आलाच नाही. तिने गायलं आणि आम्हाला ते मिळालं नाही. तिच्या बाजूने तुझी तालीम पूर्ण आहे, आमच्या बाजूने अपुरी.

उत्साही : मग वाटून घेऊ. स्वर, शब्द, लय, उच्चार, पाठांतर हे सगळं घरी आणि पडद्यावर. सभागृहात फक्त मिसळायचं. तिथला दीड तास आपण पट्ट्या घोकण्यात घालवतो. सोप्रानो शिकतात तेव्हा बेस मोबाइल बघत बसतो. तो वेळ मोकळा झाला तर तुमचा गंधार बसवायला तुम्हाला दुप्पट वेळ मिळेल. आणि विरारच्या बाईंना आठवड्याला दोनदा यावं लागणार नाही, महिन्यातून दोनदा पुरेल.

साशंक : ही वाटणी कागदावर सोपी आहे. पण आधी शिकायचं आणि मग मिसळायचं, या क्रमावरच माझा विश्वास नाही. गाण्याची पहिली आठवण ज्या आवाजांबरोबर होते ती टिकते. नवं गाणं मी सभागृहात सुरू करीन. सगळे चाचपडत, चुकत, एकमेकांना धरत गातील. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या कानात बाकीच्या तीन पट्ट्या असतील. मग खुशाल घरी जा आणि पडद्यावर पक्कं करा. तेव्हा एकटं गातानाही शेजारी कानात असेल. तू उलट्या बाजूने सुरू करतोस, आणि मग एकेकटे शिकलेले चाळीस जण सभागृहात येऊन एकमेकांशी भांडतात.

उत्साही : पण पहिल्याच दिवशी सभागृहात यायचं म्हटलं की ज्यांना येता येत नाही ती तिथेच गळणार. तुम्ही दार आधी लावता आणि मग खिडकी उघडता. शिवाय चाचपडण्याच्या त्या पहिल्या दिवशी मोठ्या आवाजाचे दोघे जण जे गातील तेच सगळ्यांच्या कानात बसतं, चूक असलं तरी. घरी शिकलेल्याला निदान आपली ओळ तरी माहीत असते.

साशंक : मोठ्या आवाजाच्या त्या दोघांना मी पहिल्याच दिवशी ऐकते आणि तिथेच थांबवते. त्यासाठीच मी तिथे असते. तुझ्याकडे ते मला कधी ऐकू येणार? रेकॉर्डिंग आल्यावर, चार दिवसांनी?

उत्साही : चार दिवसांनी, पण एकेकाचं, आणि पुरतं. पुढच्या हंगामासाठी दोन नवी गाणी आहेत. एक तुमच्या क्रमाने घेऊ, एक माझ्या. विरारच्या बाई दोन्हीत असतील.

साशंक : चालेल. पण माझ्या गाण्यात त्या पहिल्या दिवशी आल्या नाहीत, तर त्यांना नंतर कसं घ्यायचं हे मला अजून कळत नाही. आणि तुझ्या गाण्यात शेवटच्या तालमीपर्यंत गंधार खाली आला नाही, तर कार्यक्रम करायचा का, हे तुलाही ठरवावं लागेल.